चौदाव्या दिवसाची मोजणी

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजता कंपनीने सरांना मुख्य विश्लेषक केले. साडेतीन वाजता मी राजीनामा लिहिला. चार वाजता सरांनी त्यावर सही केली. पाच वीसच्या बसने मी भंडाऱ्याला घरी आले.

या गोष्टीला अडीच वर्षे झाली. सर या मार्चमध्ये वारले. त्यांच्याविषयी काही लिहावे असे तेव्हापासून मनात आहे, पण लिहायला बसले की आधी तो गुरुवारच पुढे येतो. ज्या जागेवर त्यांना नेमले ती जागा मला मिळायची होती, आणि मी तिची तीन वर्षे वाट पाहत होते. एवढे सांगून ठेवले म्हणजे बाकीचे सावकाश सांगता येईल.

आमची बियाणे कंपनी लाखनीच्या अलीकडे, महामार्गाला लागून होती. बियाणे धानाचे. शेतकऱ्यांकडून आलेले धान साफ व्हायचे, पोत्यांत भरले जायचे, आणि पोते बाजारात जाण्याआधी त्यातले बी उगवते की नाही ते आम्ही तपासायचो. प्रयोगशाळेत माणसे तीन. सर, मी, आणि ओल्या कागदावर दाणे मांडणाऱ्या सुमनबाई. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजत आणि वजनकाट्यावरचा आकडा हलायला लागे. सर हातातला दाणा हातातच धरून ट्रक जाईपर्यंत थांबत. मी एकदा उतावीळ झाले तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या त्याले. त्याले रायपूर गाठायचं आहे. आपल्याले कुठं जाचं आहे?"

तपासणीची रीत थोडक्यात सांगते, कारण तिच्यावाचून सर समजणार नाहीत. शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि कपाटात उबेला उभी ठेवायची. पाचव्या दिवशी उलगडून पहिली मोजणी. चौदाव्या दिवशी शेवटची. मूळ आणि कोंब दोन्ही नीट आले असतील तर ते रोप. एकच आले असेल तर ते असामान्य, ते मोजणीत धरायचे नाही. जे दाणे उगवलेच नाहीत ते एकेक करून चिमट्याने दाबून पाहायचे. मऊ लागला, पाणी सुटले, तर दाणा मेलेला. कठीण लागला तर झोपलेला. आणि हे सगळे एका गुंडाळीवर करायचे नाही. प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एकत्र आलेल्या मालाच्या, चार गुंडाळ्या लावायच्या, चारही पाहायच्या, मग निकाल द्यायचा.

हे नियम पुस्तकातले आहेत आणि मीही ते पाळते. सरांचे वेगळे एवढेच की ते त्यांना प्रयोगशाळेबाहेरही लागू करत. आमच्या फाटकावरच्या चौकीदाराच्या मुलीला पाहून गेलेल्या लोकांचा आठवडाभर निरोप आला नाही. तो बिचारा उतरलेल्या तोंडाने सांगायला आला की ते स्थळ गेले. सरांनी विचारले, दिवस किती झाले. तो म्हणाला, सात. "मंग आताच कायले फेकता जी? चौदा होऊ द्या." अकराव्या दिवशी निरोप आला. तो नकाराचा होता. चौकीदार दोन दिवस सरांशी बोलला नाही, पण सरांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांच्या मते मोजणी व्यवस्थित झाली होती.

शर्टाच्या खिशात इतरांचे पेन असते तिथे त्यांचा चिमटा असे. त्याने ते वर्तमानपत्राची पाने उलटत, डब्यातल्या भाजीतल्या मिरच्या वेचून झाकणावर ओळीने मांडत. एकदा मॅनेजरसाहेबांच्या बोटात बाभळीचा काटा मोडला होता, तो त्यांनी मीटिंग चालू असताना काढला, आणि काढल्यावर उजेडात धरून नीट पाहिला. तो कोणत्या टोकाने मोडला ते त्यांना पाहायचे होते.

माणसांना हाक मारताना ते प्रत्येकाला एक पायरी वर चढवत. चौकीदाराला सुपरवायझर साहेब, सुमनबाईंना असिस्टंट मॅडम. मी शिकाऊ म्हणून लागले त्या पहिल्या दिवशीच त्यांनी मला इन्चार्ज मॅडम म्हटले आणि पुढे आठ वर्षे तेच म्हणत राहिले. मला संकोच वाटे. तसे सांगितले तेव्हा म्हणाले, "कंपनीले कागद काढाले टाइम लागते जी. तोंडाले काय लागते?"

सुमनबाई मागे गुंडाळ्या बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग पगारही तोंडानंच वाढवून द्या."

सर हसले नाहीत. त्यांनी यावर खरोखर थोडा वेळ विचार केला आणि मान हलवून ते आपल्याला जमणार नाही असे सांगितले.

प्रयोगशाळेत मुख्य विश्लेषकाची एक खुर्ची होती, चाकांची, हात असलेली. तिच्यावर कोऱ्या कागदाचे गठ्ठे रचलेले असत. सर तिच्या शेजारी स्टुलावर बसत. आधीचे मुख्य विश्लेषक सोडून गेले त्याला एकोणीस वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे काम सरच करत होते. पद मात्र सहाय्यकाचे. अहवालाच्या तळाशी ‘मुख्य विश्लेषक’ असे छापलेले असे. त्याच्यावर सही करण्याआधी सर डावीकडे ‘करिता’ असे लिहीत. अक्षर इतके वळणदार की सहीच्या आधी तो शब्दच डोळ्यांत भरे. एकोणीस वर्षांत तीन मॅनेजर बदलले. तिघांनीही त्यांना सांगितले होते की या दिवाळीत तुमचे करून टाकू. सरांनी कुणालाही आठवण करून दिली नाही. मी एकदा विचारले, का नाही?

"बियाणं कधी पाणी मांगते का जी?"

"तुमी काय बियाणं आहा का?" सुमनबाई म्हणाल्या.

त्या लॉटची हकिकत इथे सांगायला हवी. मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, हंगाम संपता संपता एक मोठा लॉट आला. नुकतेच कापून मळलेले धान. पाचव्या दिवशी गुंडाळ्या उलगडल्या तर शंभरात चार-दोन दाण्यांना मूळ. चौदाव्या दिवशीही फारसे काही नाही. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, हे गेले, राईस मिलला पाठवून द्या, तांदूळ तरी होईल. सरांनी चारही गुंडाळ्यांतला प्रत्येक न उगवलेला दाणा दाबून पाहिला. सगळे कठीण. ताजे धान कधीकधी काही आठवडे झोपते, हे पुस्तकातही आहे, पण पुस्तकावर विसंबून एवढी पोती अडवायची म्हणजे धाडस होते. सरांनी ती अडवली. दाण्यांना काही दिवस कपाटात ऊब दिली आणि नव्याने चार गुंडाळ्या लावल्या. मॅनेजर रोज दारात येऊन विचारत. सर रोज तेच सांगत, "झोपलं आहे जी. उठते."

शेवटी कागद उलगडला तेव्हा आतले सगळे हिरवे होते. ओळीच्या ओळी. सरांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिले नाही, फक्त मला म्हणाले, मोजा. मॅनेजरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि या दिवाळीला तुमचे पक्के, असे सांगितले. त्या दिवाळीत सरांना इतर सगळ्यांना मिळाला तसा मिठाईचा डबा मिळाला.

मला आता वाटते की त्या लॉटने सरांचे नुकसान केले. ज्याला इतरांनी मेलेले ठरवले ते झोपलेले निघाले, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना पुढे सगळेच झोपलेले दिसू लागले. तेव्हा मला असे काही सुचले नव्हते. मी त्या लॉटनंतर त्यांची भक्त झाले होते.

माझी गोष्ट अशी होती. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. त्यांना ती खुर्ची नको आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, मीसुद्धा. त्यांनीच मॅनेजरांना सांगितले होते की मुख्य करायचे तर या मॅडमना करा. मॅनेजर तीन वर्षे हो म्हणत होते. आधी दिवाळी म्हणाले, मग मार्च, मग पुन्हा दिवाळी, आता पुन्हा मार्च एंड. त्या जानेवारीत नागपूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे पत्र आले. तिथे कापूस, तूर, भाजीपाला, सगळ्यांचे बी तपासायला येई. मी आठ वर्षे फक्त धान पाहिले होते. त्यांना मी हवी होते, पण सहाय्यक म्हणून. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले की तुमच्या कागदावर आधीच मुख्य असे पद असते तर आम्ही तुम्हाला वरच्या जागेवर घेतले असते, सहाय्यक म्हणून आलात तर इथे नव्याने रांगेत उभे राहावे लागेल. उत्तर द्यायला जवळजवळ तीन आठवडे दिले.

घरी नवरा म्हणाला, मार्चपर्यंत थांब, पद घे, मग नागपूरच काय कुठेही जाता येईल. त्याचे म्हणणे बरोबर होते. सासूबाई म्हणाल्या, खुशाल जा, बस पूर्वेला जायची ती पश्चिमेला जाईल, तुझे काय बिघडते. त्यांचेही बरोबर होते. मी दोन्ही बाजू वहीत लिहून काढल्या आणि त्या इतक्या सारख्या भरल्या की वही मिटून ठेवली. थांबले आणि मार्चमध्ये काहीच झाले नाही, तर नागपूरही जाणार होते. अडतिसाव्या वर्षी तसे पत्र पुन्हा येईल की नाही, सांगता येत नव्हते.

मी सरांना विचारले. त्यांनी सल्ला दिला नाही. कपाटातून एक कोरे तपासणी कार्ड काढले आणि माझ्यासमोर भरले. पीक, बढती. वाण, मार्च एंड. नमुना मिळाल्याची तारीख, त्या दिवसाची, गुरुवारची. पहिली मोजणी मंगळवारी, शेवटची चौदाव्या दिवशी, गुरुवारी. नागपूरला उत्तर देण्याचा शेवटचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी होता. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"नुसतं बोलणं मोजाचं नाही," ते म्हणाले. "हेड ऑफिसले फोन गेला तं मूळ. कागद निघाला तं कोंब. दोन्ही दिसलं तं रोप."

मंगळवारी मी मॅनेजरांना भेटले. ते चांगले गृहस्थ होते. हेड ऑफिसशी बोलणे झाले आहे, सब पॉझिटिव्ह आहे, असे त्यांनी सांगितले. सरांनी कार्डावर लिहिले, मूळ आहे, कोंब नाही, असामान्य. सुमनबाईंनी ते वाचून घेतले आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले की मॅडमचं प्रमोशन असामान्य आहे.

बुधवारी सकाळी सर येऊन बसले ते थोडे अस्वस्थ होते. म्हणाले, रात्री ध्यानात आले, आपण एकच गुंडाळी लावली. एका गुंडाळीवर निकाल कोण देते? चार मिळणार नाहीत, पण दोन तरी पाहिजेत.

मी विचारले, दुसरी कुणाची?

"मी आहो ना जी. माझं भी तं तेच वाण आहे."

आणि त्यांनी कार्डावर पट्टीने रेघ मारून दुसरा रकाना पाडला. आम्ही तिघेही हसलो. एकोणीस वर्षे जे विचारले नाही ते आता तपासणीपुरते विचारायचे, यात सरांना रीत दिसत होती. माझ्या मागणीला मॅनेजर काय म्हणतात आणि त्यांच्या मागणीला काय म्हणतात, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळेल की दोष माझ्यात आहे की कंपनीच्या शब्दात. त्या शास्त्रात मला तेव्हा काही खोट दिसली नाही. एकाच जागेवर दोन बिया पेरता येत नाहीत, ही साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक दाण्याला त्याची जागा मिळते. आम्हाला तीच सवय होती.

बाराव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या मंगळवारी, दाबून पाहायचे ठरले. आधी मी गेले आणि मॅनेजरांना म्हटले, मला तारीख लेखी द्या. ते दुखावले. "मॅडम, आमच्यावर भरोसा नाही का?" एवढेच म्हणाले आणि चहा मागवला. मग सर गेले. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, गळ्याशी बटण लावलेले. दहा मिनिटांनी परत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दाबून आलो."

काय झाले ते त्यांनी गंमत म्हणून सांगितले. मॅनेजरांना आधी वाटले की हे पुन्हा माझी शिफारस करायला आले. मग समजले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, सर, तुम्हाला पाहिजे होतं? मग इतके वर्षं बोलले का नाही?

"मंग तुम्ही काय म्हटलं?" सुमनबाईंनी विचारले.

"म्हटलं, राहून गेलं जी."

त्या दुपारी त्यांनी एकच गुंडाळी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. असे त्यांचे कधी होत नसे.

गुरुवारी तीन वाजता मॅनेजर स्वतः पत्र घेऊन आले. मागे पेढ्यांचा डबा. हेड ऑफिसने दोन दिवसांत मंजुरी दिली होती. पुढे त्यांनीच मला सांगितले की सरांच्या नावाला कुणी हरकत घ्यायचा प्रश्न नव्हता. दीड वर्षाचा माणूस, त्याच्याबरोबर जागाही आपोआप मोकळी होणार होती. माझ्या नावाबरोबर पुढची वीस वर्षे येत होती. मॅनेजरांचे डोळे भरून आले होते. एका जुन्या माणसाचे आपल्या हातून भले झाले, असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि ते खरेही होते.

सरांनी पत्र दोनदा वाचले. मॅनेजरांचे आभार मानले, पेढा घेतला. ते गेल्यावर पेढा तसाच टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे चुकलं," ते म्हणाले. "मी तं नुसती दुसरी गुंडाळी लावली होती."

इन्चार्ज हा शब्द त्यांनी गाळला होता. ते म्हणाले, मी पत्र वापस करतो, आताच जाऊन सांगतो. मी म्हटले, सर, तुम्ही परत केलं तरी ते मला मिळणार नाही. त्यांनाही ते समजत होते. सुमनबाईंनी गुंडाळी खाली ठेवली होती आणि हात पदराला पुसत उभ्या होत्या. थोड्या वेळाने सर म्हणाले, "दीड वरीस जी. मी गेलो का तुमचीच जागा आहे. मी दाबून पाह्यलं ना, कठीण लागलं."

तेव्हा मी म्हणाले, "सर, तुम्हाला एकोणीस वर्षं कठीणच लागलं."

मी ते हळूच म्हणाले. आठ वर्षांत त्यांना मी असे काही बोलले नव्हते. बाहेरून ट्रक गेला, काचा वाजल्या, आणि सर तो जाईपर्यंत थांबले. मग त्यांनी कार्ड ओढून घेतले. स्वतःच्या रकान्यात ‘सामान्य रोप’ असे लिहिले. माझ्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी लिहिले, ‘मृत’. मऊ दाणा बोटाखाली आल्याशिवाय त्यांनी हा शब्द लिहिलेला मी पाहिला नव्हता.

राजीनामा लिहायला मला पाच ओळी लागल्या. तो पुढे पाठवायला विभागप्रमुखाची सही लागते, आणि तासाभरापूर्वीच विभागप्रमुख झालेले सर समोर बसलेले होते. त्यांनी कागद सरळ केला. डावीकडे ‘क’ काढला, थांबले, आणि तो खोडून सही केली. मुख्य विश्लेषक म्हणून त्यांची ती पहिली सही.

कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "तिथं कापसाचं बी येईल. त्यातलं मले काही समजत नाही. तुमी शिका."

मी विचारपूर्वक योग्य वेळी निर्णय घेतला असे नातेवाइकांत म्हटले जाते. तसे काही नव्हते. मी रागाने गेले. कुणाचा राग, ते मला त्या बसमध्ये ठरवता येत नव्हते. मॅनेजर चांगले होते. सरांनी माझ्यासाठीच केले होते. तरी वाटत होते की ज्याने आयुष्यात कधी काही मागितले नाही, त्याने मागायला माझाच आठवडा निवडावा.

नागपूरला मी सहाय्यक म्हणून लागले. सरांचा हंगामात एकदा फोन येई. नवीन वाण आले, त्याचे दाणे कसे वागतात, अहवालावर हात अजून ‘करिता’ लिहितो आणि सुमनबाई खोडरबर घेऊन उभ्या राहतात, असे सांगत. पेनाची शाई खोडरबराने जात नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. मी हो, नाही, बरे आहे, इतके बोले. गेल्या वर्षी जुलैत ते निवृत्त झाले, त्या समारंभाला त्यांनी मला दोनदा बोलावले. मी सांगितले, आमच्याकडे तपासणीचे पथक आले आहे. पथक वगैरे कुणी आलेले नव्हते.

मार्चमध्ये सुमनबाईंचा फोन आला. सर सकाळी शेतावर, धानाच्या बांधीकडे गेले होते, तिथेच बसल्या जागी गेले. पाचव्या दिवशी मी आणि सुमनबाई लाखांदूरच्या बसने त्यांच्या गावी गेलो. घर लहान होते, समोर सारवलेले अंगण. सरांच्या पत्नीला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी मला जवळ बसवले, नाव विचारले, आणि ऐकल्याबरोबर माझा हात धरला.

"तुमीच का त्या. आमच्या यायले कंपनीनं शेवटलोक असिस्टंटच ठेवलं," त्या म्हणाल्या. "पण ते खुश होते जी. म्हणत, माह्या हातची पोरगी मुख्य झाली. माहीच सही आहे म्हणे तिच्या कागदावर."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिले. अंगणात पाच-सात माणसे बसली होती. सरांचा मोठा मुलगा, गावातच शेती पाहणारा, पाणी देत फिरत होता. मी गप्प राहिले असते तर कुणाचे काही बिघडले नसते. सरांनी जे घरी सांगितले होते तेच राहिले असते, आणि मी त्यांच्या घरात तरी मुख्य राहिले असते.

मी म्हटले, "नाही काकू. मुख्य सर झाले होते. शेवटचं दीड वर्ष तेच मुख्य होते. मी तेव्हाच नोकरी सोडली."

त्यांना ते लवकर समजले नाही. मी पुन्हा सांगितले. पत्र आले होते, मॅनेजर स्वतः घेऊन आले होते, पेढे वाटले होते. सुमनबाईंनी दुजोरा दिला.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

सुमनबाई म्हणाल्या, "लाजले असतील जी."

काकूंनी माझा हात न सोडता अंगणाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली. "आयकलं का रे? तुझे बाबा साहेब होते म्हंते." मुलगा तांब्या घेऊन तिथेच उभा राहिला. बसलेल्या माणसांपैकी एकाने विचारले, कोण साहेब, आणि त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पद त्यांना नीट उच्चारता येत नव्हते. तिसऱ्या वेळी आले.

परतीच्या बसमध्ये सुमनबाई लाखनीला उतरल्या आणि मी पुढे भंडाऱ्याला आले.

लाखनीतली ती जागा सर निवृत्त झाल्यावर कंपनीने भरली नाही. नागपूरला मी अजून सहाय्यकच आहे. एप्रिलमध्ये मी बढतीसाठी लेखी अर्ज दिला. जूनमध्ये साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तारीख विचारली. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहू. मी म्हटले, तसे लिहून द्या. त्यांनी अजून दिलेले नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.